ऑरिनचं कुलूप

३ सप्टेंबर १९७४
पोचलो एकदाचे! राहायचा ट्रेलर जागेवर लावला, मार्नीने बीन्स गरम केल्या आणि आम्ही पायरीवर बसून चाटूनपुसून खाल्ल्या. वायोमिंगचा हा कोपरा म्हणजे नुसती झुडपं आणि वारा. पाइपातून शेकडो मैल धावून गॅसचा जोर ओसरतो, त्याला पुढे रेटायला आमचं स्टेशन. इंजिनांची घरघर ऐकून मार्नी म्हणाली, बाळाला अंगाई फुकटात मिळाली. बाळ डिसेंबरात. सहा महिने टिकलो की नोकरी पक्की, आणि मी टिकणारच.

५ सप्टेंबर
माझ्याशिवाय इथे दोघंच जण. मुकादम व्हर्जिल स्टॉडर्ड आणि त्याचा उजवा हात डूई क्रँझ. डूई भारी चेष्टेखोर. पहिल्या दिवशी माझ्या कॉफीत मीठ, आज मला संडासात कोंडून तासभर पसार. मी हसलो. नव्या माणसाने हसायचं असतं.
व्हर्जिलने मला लाल कुलूप दिलं, वर माझं नाव, लेलंड फॉस. पाइपात शिरण्याआधी व्हॉल्व्हला आपलं कुलूप घालायचं, म्हणजे कुणी चुकून गॅस सोडत नाही. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, दुसऱ्याने हात लावला तर हात तोडीन, म्हणाला. आणि आतून तीन ठोके म्हणजे ‘मी आत आहे’.

११ सप्टेंबर
पूर्वेचा मैलभर पाइप चौदा वर्षं बंद आहे. कंपनीला तो हिवाळ्याआधी चालू हवाय. त्याच्या व्हॉल्व्हवर गंजकं कुलूप, नाव ऑरिन टिल. हा पूर्वी इथे होता, एका बाईबरोबर टेक्सासला पळाला, कुलूप इथेच विसरला, असं व्हर्जिल म्हणाला. मग तुम्हीच का तोडत नाही, मी विचारलं. डूईने कटर माझ्या हातात कोंबला. म्हणे, नवा जावई तू, मान तुझा!
तोडलं. दोघंही पाठ करून उभे होते. कुलूप मार्नीला दाखवायला खिशात टाकलं.

१४ सप्टेंबर
दुपारी सँडविच खाताना त्या पाइपातून ठोके आले. तीन. डूई म्हणाला, उन्हाने लोखंड तडतडतं रे, भित्र्या, जा बायकोच्या कुशीत झोप. पण आभाळ तर भरलेलं होतं.

१७ सप्टेंबर
पुन्हा तीन. या वेळी जवळून. न राहवून मी बाहेरून तीन ठोकले. आतून लगेच उत्तर आलं. व्हर्जिलने ऐकलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

१८ सप्टेंबर
व्हर्जिल भरदुपारी प्यायला आणि ओकला सगळं. ऑरिनही तेव्हा नवाच होता. एका शुक्रवारी तो पाइपात असताना डूईने गंमत म्हणून पाइपाच्या तोंडावरच्या झाकणाचे बोल्ट आवळले. दोघं गावात बियर प्यायला गेले. बर्फाने रस्ता बंद झाला. सोमवारी आले तर ठोके थांबले होते. झाकण उघडायची हिंमतच झाली नाही. बाईची गोष्ट रचली. ऑरिनची आई अजून पत्राची वाट बघते.
गंमत म्हणे! मी संतापून बोलून गेलो, शुक्रवारी पगार झाला की शेरिफकडे जाणार. जीभ आवरायला हवी होती.

२० सप्टेंबर, शुक्रवार
व्हर्जिल आज गोड बोलतोय. म्हणाला, आधी बिचाऱ्याला बाहेर काढू, मग मीच येतो शेरिफकडे. झाकण उघडलं. आत वाकूनही नीट बसता येत नाही. तू बारीक आहेस, तूच शिर, म्हणाला. व्हॉल्व्हला माझं कुलूप घातलं. किल्ली माझ्या खिशात.

आत आहे. टॉर्चच्या उजेडात लिहितोय. एक बूट सापडला, नाडीला किल्ली. माणूस नाही. खिशातल्या ऑरिनच्या तुटक्या कुलपात घातली — फिरली.

झाकण —

बोल्ट आवळतायत. ओरडलो. तीन ठोके दिले. बाहेर डूई मोठ्याने म्हणाला, उन्हाने लोखंड तडतडतं.

व्हॉल्व्हवर माझं कुलूप. गॅस सोडणार नाहीत. म्हणजे मरायला वेळ लागेल —

मार्नीला सांगतील, पळाला. टेक्सास. मार्नी, नाही गं, मी इथेच —

पुन्हा तीन दिले. उत्तर आलं.
झाकणाकडून नाही. मागून. बूट होता तिथे आता