चार मिनिटं जास्त

१२ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. 'वेळ मिळाला नाही' असं आधी लिहिलं आणि खोडलं. रोज डायरी लिहायला वेळ होता, तर पत्रालाही असणारच. माफ कर. कशाकशाबद्दल, ते पुढे येईलच.

आधी कारखान्याची खबर. तुझं मिक्सिंग मशीन अजून तिथंच आहे, खिडकीपाशी. त्यावर आता दोघं असतात, पण तुझ्या एकटीची सर नाही. नाक शिंकरलं की रुमाल अजून काळा होतो. प्लास्टिकमध्ये मिसळायच्या त्या कार्बनच्या धुळीनं साहेबांचा तिसरा कॅल्क्युलेटर बंद पडला, तरी ते सेलच बदलून बघतात. हॉस्पिटलच्या मॉनिटरसाठी आपण जी प्लास्टिकची कवचं करायचो आणि तू गेल्यावर जी बंद झाली, तशीच आता नवजात बाळांच्या मॉनिटरसाठी करायची आहेत. बाळाच्या हृदयाचा सिग्नल इतका नाजूक, की जवळ कुणाचा फोन वाजला तरी पडद्यावरची रेघ थरथरते. म्हणून कवचानं बाहेरच्या लहरी निदान चाळीस डेसिबलनं अडवायला हव्यात. आम्ही तीनदा माल काढला, तिन्ही वेळा तिशीच्या आत. परवा साहेब वैतागून म्हणाले, "कार्बन तोच, प्लास्टिक तेच, मग अडतंय कुठं?"

मी नवी होते तेव्हा तुला साधारण हेच विचारलं होतं. तू तळहातावर चिमूटभर कार्बनचे काळे तंतू घेतलेस आणि म्हणालीस, "हे बघ चष्मिश, नुसत्या प्लास्टिकमधून लहरी आरपार जातात. त्यांना अडवायचं तर ह्यांनी आत एकमेकांचे हात धरून उभं राहायला हवं. फार घुसळलंस तर हात तुटतात, मग कोण कुणाला धरणार?" मी कॉलेजात ज्यावर दोन पेपर दिले, ते तू तेवढ्यात सांगून टाकलंस, आणि वर डबा आणलाय का म्हणून विचारलंस.

तू मशीनच्या झाकणावर हात ठेवून, डोळे मिटून उभी राहायचीस. घरघर जड झाली की बंद करायचीस. मी आठवडाभर चोरून घड्याळ लावलं. तुझी वेळ रोज वेगळी, आणि माझ्या चाचणीत आकडा मात्र तोच: बेचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस. डायरीत मी लिहिलं होतं, 'हे कसं जमतं?' तुला सांगितलं तर म्हणालीस, "तुझ्या पुस्तकाला कान आहेत का?"

मग तो दिवस. तुझी मुलगी शाळेत पडली म्हणून ऑफिसात फोन आला. तो घ्यायला जाताना तू मला म्हणालीस, "आवाज जड झाला की थांबव. शहाणपणा नको." आवाज जड झाला. मी तो ऐकला. पण मला दोन-तीन गुठळ्या दिसल्या, आणि माल जितका एकजीव तितका चांगला, हे डोक्यात पक्कं बसलेलं. मी आणखी चार मिनिटं चालू ठेवलं. परत येताना तू दारातूनच आवाज ओळखलास आणि धावत आलीस. नोंदवहीत 'मशीन कुणी चालवलं' ह्या रकान्यात स्वतःची सही केलीस. चाचणीत सव्वीस आले. साहेब म्हणाले, "बाईंचे कान गेले, ह्यांना पॅकिंगला पाठवा." तू एवढंच म्हणालीस, "मशीन माझ्या ताब्यात होतं." मी चाचणीचा कागद हातात घेऊन शेजारी उभी होते. महिन्याभरात तू काम सोडलंस. जिन्यात भेटलीस तर मलाच म्हणालीस, "नीट जेवत जा."

इतकं मोठं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. आणि त्याचा मी फायदा घेतला, हेही खरं.

त्या दिवशीच्या मालाचा एक तुकडा मी खणात ठेवला होता. शेजारी तुझ्या हातचा एक. दोन वर्षं खण उघडला नाही. कारण मला माहीत नव्हतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं? काल दोन्हीतलं प्लास्टिक विरघळवलं, उरलेले तंतू काचेवर पसरले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तुझे लांब, एकमेकांवर आडवेतिडवे पडलेले. माझा नुसता भुगा. मग परवाच्या मालातला तुकडा पाहिला. तोही भुगाच. कारण तू गेल्यावर साहेबांनी मशीनला टायमर लावला. तू कमी फिरवत होतीस असं त्यांना वाटलं, म्हणून तुझ्या सरासरी वेळेपेक्षा चार मिनिटं जास्त. माझीच चूक रोज आपोआप चालू आहे, ताई, आणि आता ती बाळांच्या उशाशी जायची आहे.

उद्या मी साहेबांना सगळं सांगणार आहे. तुझी परवानगी मागत नाही; तू 'जाऊ दे' म्हणशील. माझं काम जाईलही, पण दुसऱ्या कुणाकडून समजण्याआधी हे तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. ते तुला बोलावतील. यायचं की नाही, आणि आलीस तर टोमणे किती मारायचे, ते तू ठरव.

तुझीच,
चष्मिश

उद्या: सकाळी साडेनऊ, साहेबांच्या टेबलावर तिन्ही काचा आणि त्या दिवसाचं डायरीचं पान.