कुशाचा ओवा

प्रिय कुशा,

अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत घालशील, अशी भीती वाटते. पण माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून बारामतीच्या दवाखान्यात खाटेवर बसून लिहितेय. डाव्या हाताला सलाईन आहे. पत्र संपेपर्यंत तेवढं वाच.

दिवाळीत तुझी श्रेया भेटली. आईनं परसातला ओव्याचा वाफाच उपटून टाकला, म्हणाली. त्या दिवसापासून घास गोड लागला नाही. बाळंतिणीच्या धुरीला शेळगावच्या बायका तुझ्याकडूनच ओवा न्यायच्या. लेकरांची छाती भरली की तव्यावर तापवलेली पुरचुंडी कशी शेकायची, हे तूच त्यांना शिकवलंस. माझ्या रव्याच्या डब्यातसुद्धा किडे होऊ नयेत म्हणून तुझ्याच ओव्याची पुरचुंडी असायची. आता तुझ्या दारात कोणी येत नाही, म्हणे.

तुझे दाजी गेले त्या दिवसाचं सगळं खरं मी कुणालाच सांगितलेलं नाही. महिनाभर वाट पाहून ऊसतोडीची टोळी आली होती, ट्रॅक्टर शेतात उभा होता. दहाच्या सुमाराला ते छाती चोळत ओट्यावर बसले. पित्त झालंय, म्हणाले. मी तुला फोन लावला. ओवा आणि काळं मीठ दे, कोमट पाणी पाज, असं तू सांगितलंस. ते मी दिलं. दोन वाजता ते गेले.

दहाव्याला तुझ्या मोठ्या जावेनं विचारलं, दवाखान्यात का नेलं नाही? सगळं गोत बसलं होतं. मी म्हणाले, कुशानं ओवा द्यायला सांगितला. तू पत्रावळी वाढत होतीस. माझ्याकडं एकदा पाहिलंस आणि पुढच्या पानाकडं गेलीस.

बोलायला हवं होतंस गं. कारण फोन ठेवण्याआधी तू म्हणाली होतीस, "पर आक्का, घाम फुटला असंल तर ओव्याच्या नादी लागू नगंस. पयलं बारामतीला न्हे."

त्यांचा सदरा भिजलेला होता, कुशा. मी पाहिला होता. ते म्हणाले, "गाडी भरू दे, मग जाऊ." आणि मी हो म्हटलं, कारण टोळी निघून जाईल ही धास्ती त्यांच्याइतकीच मलाही होती.

परवा कणीक मळताना माझ्याच छातीत कळ आली. पाठ घामानं निथळली. सूनबाई स्वरूपा ओव्याचा डबा घेऊन धावत आली. मी म्हटलं, "ठिव तो डबा. ऋषिराजला गाडी काढाय सांग." तुझंच बोलणं माझ्या तोंडून आलं. अर्धा तास उशीर झाला असता तर संपलं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

उद्या सकाळी माझं ऑपरेशन आहे. दोन ठिकाणी अडलंय. पुढच्या सोमवारी यांचं वर्षश्राद्ध, तेच सगळं गोत पुन्हा पणदऱ्यात आमच्या घरी जमेल. तू ये. त्या सगळ्यांसमोर मी माझ्या तोंडानं हे सांगणार आहे. मी नसले, तर हे पत्र ऋषिराजला मोठ्यानं वाचायला लाव. सदऱ्याचं गाळू देऊ नकोस.

तुझीच,
शकूआक्का