काचेच्या पेटीतील लिथियम

गेवराई,
दि. ३ ऑक्टोबर २०२५

कालकथित प्राध्यापिका अंजली सर्जेराव ओव्हाळ यांस,

सप्रेम जय भीम. मृत पत्नीस पत्र लिहिणे अशास्त्रीय आहे, हे तू म्हणण्यापूर्वीच मान्य करतो. परंतु या गावात शुद्ध वाक्य समजणारे दुसरे कोणी उरलेले नाही.

तुझ्या शोकसभेत प्राचार्य भगवानरावांनी तू मोबाईलची बॅटरी शोधत होतीस, असे ठोकून दिले. सूर्याच्या गाभ्याहून तप्त प्लाझ्मा ज्या भट्टीत कोंडायचा तिची भिंत झिजते, तडकते. तिच्यावर वितळलेल्या लिथियमचा थर वाहता ठेवला तर झिजलेली जागा आपोआप भरून निघते, हे तू त्यांना अकरा वर्षे समजावलेस. त्यांच्या डोक्यात मोबाईलच शिरला.

हा थर पोलादी जाळीला कसा धरून राहील, एवढाच तुझा प्रश्न होता. अळूच्या पानावरील पाण्यासारखा लोळणारा थेंब तापवता तापवता अखेर जाळीत भिनला. तो तुकडा तू काचेच्या पेटीत, आर्गॉन वायूत जपलास. आपल्या चैतालीच्या गांधीनगरच्या संस्थेत त्याची तपासणी व्हायची होती.

तो आता काळा पडला आहे. कारण हास्यास्पद आहे. खंडेनवमीला प्रयोगशाळा सहायक धुळाजी याने ओल्या फडक्याने यंत्रे पुसली आणि तुझ्या पेटीवर हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली. तुझ्यानंतर माझ्या ताब्यात असलेली किल्ली मी दिली, ही माझी एकमेव चूक. पाण्याशी लिथियमचे वैर आहे, हे शाळकरी पोरही सांगेल. तो म्हणतो, “सर, म्या काचंला भाईरूनच हात लावला. बाई म्हनायच्या, पेटी उघडायची न्हाई.” या लोकांना खोटेही नेटके बोलता येत नाही. त्याच्या बडतर्फीची लेखी मागणी मी केली आहे. १७ तारखेला समिती बसेल.

माझ्याकडून हयगय झालेली नाही. ऑगस्टमध्ये तुझ्या पुण्यानुमोदनानंतर मी स्वतः दिवे, पंखे आणि आर्गॉनच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला होता. आर्गॉन पुरवणारा वेल्डर मुस्तकीम सिलिंडर न्यायला आला, तेव्हा ती चोख व्यवस्था पाहून तोही अवाक् झाला.

तुझा,
सर्जेराव


गांधीनगर,
दि. १० ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबांना,

चैतालीचा सविनय जय भीम. वि. वि. तक्रारीची प्रत आणि पेटीचे छायाचित्र मिळाले. गुडघ्याला तेल लावता ना? शेजारच्या छबुबाई भाकरी पाठवतात, त्यांना पीठ जाडसर असल्याची चिठ्ठी पाठवू नका. फोनवर पोट धरून हसत होत्या.

बाबा, लिथियमला पाणी लागले असते तर ते फसफसले असते आणि मागे चुन्यासारखा पांढरा थर राहिला असता. छायाचित्रातला तुकडा कोळशासारखा काळा आहे. तो रंग हवेतल्या नायट्रोजनचा, आणि तो हळूहळू चढतो. पेटीला बारीक गळती होती; हवा आत शिरू नये म्हणून आई आर्गॉनची मंद धार सुट्टीतही चालू ठेवायची. तुम्ही प्रतीत लिहिले आहे की व्हॉल्व्ह ऑगस्टमध्येच बंद केलात.

धुळाजीकाका खरे बोलतात. तुमच्यावर मला रागावता येत नाही. आईने पेटीवर चिठ्ठी लावायला हवी होती. तुकडा गेला, पण वह्या आहेत. जाळी किती तापमानाला भिनली ते त्यांत आहे, मी इथे पुन्हा करून पाहीन. समिती शुक्रवारी आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

माया आहे तशीच असू द्यावी.

आपली,
चैताली


गेवराई,
दि. १७ ऑक्टोबर २०२५

प्रिय अंजली,

इतके दिवस ज्या मूर्खाचा शोध घेत होतो, तो मीच निघालो. समितीपुढे उभे राहून तक्रार मागे घेतली आणि व्हॉल्व्ह कोणी बंद केला ते सांगितले. भगवानरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून, होते असे कधी कधी, म्हणून मला माफ केले. त्या माणसाने मला माफ करावे, याहून कठोर शिक्षा समितीला सुचली नसती.

बाहेर येऊन धुळाजींची क्षमा मागितली. ते खाली पाहत म्हणाले, “रोज खिडकीतून बघत व्हतो, सर. काळं पडाय लागलं तवाच तुमच्या घरी सांगाय आलतो. तुमी दार उघडलं न्हाई.”

मी दार उघडले नव्हते, हे खरे आहे. त्या दिवसांत कोणासाठीच उघडत नव्हतो.

तुझ्या वह्या चैतालीकडे रवाना केल्या. पेटीवरील झेंडू सुकले आहेत. ते मी काढले नाहीत. दुपारी सव्वा वाजता खोलीला कुलूप लावले आणि किल्ल्या धुळाजींच्या हाती परत केल्या.