बिननेढ्याची सुई

उचगाव, ता. करवीर
दिवाळीच्या तोंडावर, १९९९

ज्ञानूपावणं,

तुमच्याकडच्या थोरांना दंडवत, बारक्यांना आशीर्वाद आणि तुम्हाला हंबीररावाचा कडकडीत रामराम. राधानगरीचा पाऊस उघडला काय? म्हशी दुधाला कशा हाईत? गुडघ्याला आराम पडला असंल तर ठीक, नसला तर हे पत्र बसूनच वाचा. (तुमची बहीण खुशाल हाय. माझ्याशी बोलत न्हाय, पण खुशाल हाय.)

आमच्या शेडच्या भिंतीला लागून श्रीशैलचा कारखाना, हे तुम्हाला ठावं हाय. आम्ही उसाच्या चरकाची दातेरी चाकं करतो. एक उचलायला चार गडी लागतात. आणि हा बाबा काय करतो? ऑपरेशनला टाके घालतात त्या सुईला दोरा बसवायचं मशीन! त्या सुईला नेढंच न्हाय म्हणं. मागच्या टोकातनं आत केसाएवढं छिद्र असतंय, आरपार न्हाय, त्यात दोऱ्याचं टोक घालून चिमटायचं, झालं. आमची आई बिनचष्म्याची सुईत दोरा ओवायची, तिचा फोटो कुणी पेपरात छापला न्हाय. ह्याचा छापला की! जळतो मी, व्हय, सरळ सांगतो. त्याच्या दारात ट्रक लागला की माझं जेवण जात न्हाय.

आणि का जळू नये? तुमचा भाचा, माझा एकुलता एक राजवर्धन, डिप्लोमा झाला आणि बापाची शेड सोडून शेजारच्या दारात शिरला. घरी ताटावर बसताना हात धू म्हणून तुमची बहीण कोकलायची. आता तिथं साबण लावून हात धुतो, डोक्याला बायकांसारखी टोपी घालतो आणि त्या श्रीशैलला 'सर' म्हणतो. मला हाक मारायची तर 'ओ' एवढ्यावर भागतंय.

आता परवाचं ऐका. आमच्या गल्लीतनं कुठलंबी मशीन निघालं की नारळ हंबीररावानं फोडायचा, ही रीत हाय. परवा हैदराबादचं गिऱ्हाईक मशीन बघून घ्यायला आलतं. मला कुणी बोलवलं न्हाय. (विसरले असतील म्हणून मीच गेलो.) नारळ, कुंकू, उदबत्त्या घेऊन थेट काचेच्या खोलीत शिरलो. चपला बाहेर काढल्या बरं का, देवाचं काम म्हणून! मशीनला कुंकवाची पाच बोटं ओढली, उदबत्ती लावली आणि चरकावर हाणतो तसा नारळ हाणला. पाणी दोऱ्याच्या रिळावर, करवंटी गिऱ्हाइकाच्या बुटावर. तिथं हवेतली धूळ मोजायचा एक डबा हाय, तो उदबत्तीच्या धुरानं बोंबलायला लागला. मला वाटलं आरती लावली, मी टाळ्या वाजवल्या.

श्रीशैल खाली वाकून गिऱ्हाइकाचे बूट पुसायला लागला. (माझ्यावर ओरडला असता तर भांडता तरी आलं असतं.) राजवर्धन मात्र पुढं आला, माझा दंड धरला आणि सगळ्यांदेखत म्हणला, "बाबा, बाहेर व्हा." पावणं, लेथवर उभं राहायला त्याला मी शिकवलं. चपला हातात घेऊन घरी आलो. गिऱ्हाईक तसंच माघारी गेलं आणि आता सगळं मशीन खोलून, धुऊन परत जोडायला लागणार हाय.

तेव्हा तुम्ही मामा म्हणून त्याला खडसावा. म्हणावं, सोड ते सुईदोऱ्याचं काम आणि बापाच्या शेडात ये. तुमचं ऐकतो तो. बाकी ठीक. म्हशींना सांभाळा.

तुमचा,
हंबीरराव

ता. क. : पाकीट चिकटवायचं ऱ्हायलंतं, बरं झालं. त्याला काय बी खडसावू नका. आत्ताच श्रीशैल येऊन गेला. म्हणला, "हंबीरराव, रागावू नका. हे मशीन माझं न्हाय, तुमच्या पोराच्या डोक्यातनं निघालंय." आता सांगा, जळायचं तरी कुणावर?

आणखी एक : सगळी गल्ली आधीच ते मशीन चालताना बघून आली, मी तेवढा ऱ्हायलो. पोराला कुठल्या तोंडानं विचारू? म्हणून तुम्हाला ते बघायची लई हौस हाय, असं घरात सांगून ठेवलंय. मी आपला तुमच्या सोबतीला येईन. मशीन रविवारपतोर परत जोडून होतंय म्हणं, तर रविवारी या, आणि येताना तेवढी हौस घेऊन या.