निळ्या चौकटीचा डाग

प्रिय दादा,

वर्ष होत आलं, आपण धड बोललेलो नाही. तू छापलेल्या प्रमाणपत्रांवर डाग पडले त्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात, प्राचार्यांसमोर, मी म्हणाले होते, "शाई हलकी वापरली असेल." तू एक कागद उचललास, नाकाशी नेलास आणि निघून गेलास. तेव्हापासून तू स्वतः शाई कालवत नाहीस, "माझा हात गेला" म्हणतोस, हे वहिनीकडून कळतं. खरंच गेला का, याचाच मी गेले दोन आठवडे शोध घेते आहे.

यंदाची प्रमाणपत्रं दुसऱ्या प्रेसने छापली. तीच निळी चौकट. विद्यार्थ्यांची नावं मात्र आमच्या लेझर प्रिंटरवर घालायची. दहावा कागद बाहेर आला आणि मी प्रिंटर थांबवला. आधीच्या कागदाची चौकट या कागदावर, थेट एका मुलीच्या नावावर, उमटलेली. प्रेसवाल्याला फोनवर झापलं, तर तोच म्हणाला, "अहो बाई, परवाच छापलंय! जरा दम धरायचा ना!"

मग कपाटातून गेल्या वर्षीचा तुझा उरलेला गठ्ठा काढला. त्याच प्रिंटरवर वीस कागद घातले. वीसच्या वीस स्वच्छ. आता मला चैन पडेना. प्रिंटरच्या पोटात तापलेला रूळ असतो, तो नावाच्या अक्षरांची काळी पूड वितळवून कागदावर बसवतो. चौकटीची शाई कच्ची असेल तर तीही त्या रुळाला लागणार आणि पुढच्या कागदावर उतरणार. पण कच्ची म्हणजे किती दिवसांची? नव्या गठ्ठ्यातला एकेक कागद रोज घरी आणला, कोऱ्या कागदाखाली ठेवून त्यावर गरम इस्त्री दाबली. लेक म्हणाली, "आई, लोक कपड्यांना इस्त्री करतात गं!" पहिल्या दिवशी निळा पट्टा उमटला, चौथ्या दिवशी नुसती सावली, नवव्या दिवशी काहीच नाही.

तेव्हा गेल्या वर्षीची डायरी उघडली. माझ्याच अक्षरात आहे: 'दादा म्हणतो, शाई वरून वाळली तरी आतून वाळायला आठवडा-दहा दिवस लागतात. तोवर मशीनमध्ये घालू नकोस.' खाली दोन दिवसांनंतरची नोंद: 'समारंभ जवळ आला. गठ्ठे मागवून घेतले, नावांची छपाई सुरू.' हे मी विसरले होते की त्या ऑफिसात मला आठवायचंच नव्हतं? खूप विचार केला, दादा. उत्तर माझ्या बाजूने येत नाही.

आज सकाळी प्राचार्यांना हे सगळं लेखी दिलं. ते म्हणाले, "भावाला सांगितलंत का?" त्यासाठीच हे पत्र, आणि घाईलाही कारण आहे. काल वहिनी म्हणाली, तुझं छपाईचं मशीन बघायला आज दुपारी गिऱ्हाईक येणार आहे. घाई मी केली आणि तू मात्र हात गेला म्हणून मशीन विकायला निघालास. इस्त्रीखालचे नऊ कागद आणि तुझ्या गठ्ठ्यातलं एक प्रमाणपत्र सोबत आहे. उजेडात धरून बघ. तोंडावर सांगायचा धीर होईना, म्हणून पाकीट दाराखालून सरकवते आहे. गिऱ्हाईक यायच्या आत वाच. मी बाहेर पायरीवरच बसले आहे.

तुझीच,
धाकटी