नोव्हेंबरातला ईस्टर

मोर्शी,
आगमनकाळाचा पहिला आठवडा

प्रिय शेषूदादास,
धाकट्या बहिणीचा, जयवंताचा प्रभूमध्ये सलाम.

पत्र लिहिण्यास कारण की, तू फोन उचलत नाहीस असं मी म्हणणार नाही. उचलतोस. पण "हो, हो, बरं, ठेवतो" एवढ्यात माझी तब्येत, पाऊसपाणी आणि बहिणीची माया असं सगळं उरकून टाकतोस. पत्राला "ठेवतो" म्हणता येत नाही. म्हणजे ठेवता येतं, पण ते टेबलावरून आपल्याकडे बघत राहतं. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नका असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि दुसऱ्या मजल्यावर राहत असल्यामुळे तू उतरणंच बंद केलंस, असं तुझ्या सुनेकडून, रश्मीकडून कळलं. डॉक्टरांच्या म्हणण्याचा हा अर्थ नसावा. साखरेचं काय? (चहात गूळ घातला म्हणजे साखर सोडली असं होत नाही, हे मी मागेही कळवलं होतं.) माझं बरं आहे. चर्चच्या मंडळीच्या सेक्रेटरीपदामुळे बीपी वाढतं आणि गोळीमुळे उतरतं. दोन्ही वेळेवर होतं, त्यामुळे तक्रार नाही.

आता आमच्या चर्चची हकीकत सांगते. आमचे पाळकसाहेब भगवंतराव खंडारे तुला आठवत असतील. माझ्या शाळेतल्या निरोपसमारंभाला आले होते ते, उंच, दारातून आधी मान आत घालतात आणि मग स्वतः येतात. मूळचे दर्यापूरकडचे, पण पुलपिटावर चढले की असं शुद्ध मराठी बोलतात की मी चाळीस वर्षं व्याकरण शिकवूनही मला मधूनमधून धाप लागते. यंदा लेंटच्या, ईस्टरआधीच्या शोकाच्या आणि उपवासाच्या दिवसांत त्यांच्या पत्नी वारल्या. स्त्रियांच्या सभेला सगळ्यांना चहा दिला, "जरा पडते" म्हणाल्या, आणि गेल्या. अंत्यविधी पाळकसाहेबांनी स्वतः चालवला. अमरावतीहून दुसरे पाळक यायला तयार होते, पण ते तिला ओळखत नव्हते, असं हे म्हणाले. विधी चालू असताना त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. हीच आमची चूक झाली.

कारण त्यानंतर ईस्टर आला आणि पाळकसाहेबांकडे तो पोचलाच नाही. आम्ही पांढरे कपडे घालून, रंगवलेली अंडी घेऊन, पहाटेच्या उपासनेला हजर. पुलपिटावर लेंटचा जांभळा कपडा तसाच. साहेबांनी शोकाची राख, गोणपाट आणि रडणे या विषयावर प्रवचन दिलं, गुड फ्रायडेचं गाणं सांगितलं, आणि आशीर्वाद देऊन घरी गेले. लोकांनी एकमेकांकडे बघितलं आणि अंडी खाल्ली. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. मे महिना आला, मोर्शीत डांबर वितळायला लागलं, आणि आम्ही अजून लेंटमध्ये.

यात सगळ्यात जास्त हाल पुंजारामचे झाले. पुंजाराम म्हणजे आमच्या पंच कमिटीचा सभासद, संत्र्याचा बगीचावाला, कानाने थोडा कमी आणि उत्साहाने फार जास्त. त्याने लेंटमध्ये चहा सोडला होता. ईस्टर झाला की प्यायचा, असं ठरलेलं. आता पंचांगात ईस्टर झाला होता आणि चर्चमध्ये झाला नव्हता. तो माझ्याकडे आला. "बाई, मी आता चहा पेऊ का नोको?" मी म्हटलं, पाळकांना विचारा. त्याने विचारलं. पाळकसाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमच्या घरी उजाडलं असेल तर प्या." पुंजारामने परत येऊन मला सांगितलं की साहेब म्हणाले, उजाडल्यावर प्या. तेव्हापासून तो सकाळचा घेतो, दुपारचा घेत नाही.

कमिटी बसली. ठराव असा झाला की साहेबांना हळूहळू पुढच्या सणात आणावं. शनिवारी मी जाऊन जांभळा कपडा काढला आणि ईस्टरचा पांढरा घातला (जांभळा धुवायला टाकला, असं सांगायचं ठरलं होतं, कोणी विचारलं नाही). रविवारी साहेबांनी त्या पांढऱ्या कपड्यावर हात ठेवला, तो सारखा केला, आणि कफन या विषयावर बोलले. म्हातारी गंगूबाई पहिल्या बाकावर बसते, ती बाहेर येऊन मला म्हणाली, "बाई, जांभळाच बरा होता व."

मग पेन्टेकॉस्टचा सण. त्या दिवशी पवित्र आत्मा वाऱ्यासारखा आला, हे पुंजारामला माहीत होतं. आणि त्याच्या संत्र्याच्या शेडमध्ये एक भलामोठा लोखंडी कूलर होता. या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकत्र आल्या आणि त्याने कोणालाही विचारलं नाही. साहेबांनी प्रवचनाला तोंड उघडलं, त्याने बटण दाबलं. प्रवचनाची पानं उडाली, गंगूबाईचा पदर उडाला, दानाच्या पेटीचं झाकण उघडलं, आणि शेवटचं पान खिडकीतून बाहेर गेलं, ते तिथे बांधलेल्या बकरीने खाल्लं. (बकरी ठीक आहे.) आम्हाला वाटलं, आता तरी माणूस रागावेल, हसेल, काहीतरी करेल. साहेबांनी कूलर बंद होईपर्यंत वाट बघितली आणि उरलेलं सगळं प्रवचन तोंडपाठ म्हटलं. त्यांना ते पाठ होतं, दादा. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

नंतर पुंजारामने त्यांना स्वतःच्या बगीच्यात नेलं. संत्र्याच्या झाडाला आपण मुद्दाम पाणी तोडतो, त्याला ताण देणं म्हणतात, पानं गळतात, झाड मेल्यासारखं दिसतं, आणि मग पाणी दिलं की फुलतं, हे सगळं त्याने त्यांना नीट समजावून सांगितलं. "पन साहेब, ताण तोडा बी लागते. पानीच नाही देलं तं काय फुलीन?" साहेबांनी मन लावून ऐकलं. रविवारी त्यांनी ताण या विषयावर फार सुंदर प्रवचन केलं. पाण्याचा भाग त्यात नव्हता.

पाऊस आधी आला नाही आणि मग गेला नाही. भाद्रपदात संत्र्याची फळं झाडाखाली सडा पडल्यासारखी गळाली. शेतातून तोंड पाडून आलेल्या माणसाला रविवारी पुन्हा राखेत बसवलं की तो किती रविवार येणार? निम्मे लोक अमरावतीला जायला लागले. तिथल्या चर्चमध्ये ड्रम आहे, पडद्यावर गाण्याचे शब्द येतात, आणि ईस्टर वेळेवर होतो. शेवटी वरच्या कमिटीकडून निरोप आला: हजेरी फार घटली आहे, तरी नवीन वर्षापासून मोर्शीची मंडळी अमरावतीला जोडावी, पाळकांना निवृत्त करावं, आणि चर्च फक्त अंत्यविधीपुरतं उघडावं. मी तो निरोप साहेबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "योग्य आहे." मी घरी येऊन गोळी घेतली, ती वेळेच्या आधी.

यानंतर पिकाचा सण होता. तुला माहीत आहे, जे पिकलं त्यातलं देवापुढे आणायचं आणि मग त्याचा लिलाव. यंदा वेदीसमोर जे जमलं ते बघून मला शाळेतल्या प्रदर्शनाची आठवण झाली, ज्यात सगळ्या मुलांनी एकच तक्ता आणलेला असतो: भोपळे. संत्री एक टोपलीभर, तीही पुंजारामची, तीही हिरवी. त्यात गंगूबाई काठी टेकत आली आणि तिने पदराखालून एक काचेची बरणी काढून भोपळ्यांच्या मधे ठेवली. लोणचं. तिला विचारलं तर म्हणाली, "माह्या वावरात यंदा काईच नाही झालं. हे पाळकीणबाईनं देलं होतं मले, मागच्या साली. म्या पुरवून पुरवून खाल्लं. अर्धं हाये."

लिलाव पुकारायला मी होते. भोपळे गेले (माझ्याकडे तीन आहेत). मग मी बरणी उचलली आणि काय बोलावं ते मला सुचेना, तेव्हा मी नुसतंच "लोणचं" म्हटलं. कोणी बोली लावणार नव्हतं, आम्हाला तेवढी समज आहे. मागच्या बाकावरून पाळकसाहेबांनी हात वर केला. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच पुंजारामने त्यांच्यावर बोली चढवली.

साहेबांनी वाढवली. पुंजारामने आणखी वाढवली. त्याला बरणी कोणाची हे ऐकूच गेलं नव्हतं, आणि त्याचा विचार (हे त्याने नंतर सांगितलं) असा होता की लिलाव थंडा चालला आहे, जरा रंगत आणली तर साहेबांना हुरूप येईल. मी डोळे मोठे केले. त्याला वाटलं, मी शाबासकी देते आहे. बायको त्याचा सदरा ओढत होती. तो उभा राहिला. बोली अशा ठिकाणी गेली की तेवढ्यात दुभती बकरी आली असती. साहेब प्रत्येक वेळी हात वर करत होते. आणि मग, दादा, आठ महिन्यांत ज्यांनी आवाज चढवला नव्हता, आणि पुलपिटावर ज्यांनी कधी अनुस्वार चुकवला नव्हता, ते पाळक भगवंतराव खंडारे बाकावर मूठ आपटून ओरडले:

"अबे पुंजाराम, बस न खाली! काहून मांगं लागून राहिला बे? माह्या बायकोचं लोनचं हाये थे! मले पाहिजे थे!"

 पुंजारामला हे मात्र स्वच्छ ऐकू गेलं. तो खाली बसला, आणि म्हणाला, "मंग सांगा नं तसं, साहेब."

पहिली गंगूबाई हसली. दात नसलेलं माणूस हसलं की दुसऱ्याला थांबवता येत नाही. सगळं चर्च हसलं, साहेबही हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा कुठे मोडला ते आम्हाला कळलंच नाही. ते तिथेच बाकावर बसून ढसाढसा रडले, राखेवर आणि गोणपाटावर बोलताना जे आठ महिने एकदाही रडले नव्हते. कोणी प्रार्थना केली नाही. कोणाला सुचली नाही. पुंजाराम त्यांच्या शेजारी जाऊन बसला, इतका चिकटून की साहेबांना रुमाल काढायला जागा उरली नाही. त्याने स्वतःचा दुपट्टा दिला.

मग साहेबांनी बरणी मागितली, उघडली, बोटाने एक फोड खाल्ली, आणि म्हणाले, "मीठ जास्त आहे. तीस वर्षं सांगत होतो." आणि उठून प्रत्येक बाकापाशी गेले आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक फोड ठेवली. मला वाटलं होतं, ते ती बरणी जपून ठेवतील. मी असते तर ठेवली असती. त्यांनी रिकामी केली. (मीठ खरंच जास्त होतं. माझं बीपी दोन दिवस वर होतं.)

पुढच्या रविवारी पुलपिटावर पांढरा कपडा होता, मी घातलेला नव्हे. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "ख्रिस्त उठला आहे." नोव्हेंबर चालू होता. याला ईस्टरला ठरलेलं उत्तर असतं, पण नोव्हेंबरात ते कोणी तयार ठेवलं नव्हतं. मग गंगूबाई एकटी म्हणाली, "खरंच उठला व माय," आणि आम्ही सगळे म्हणालो. नाताळाच्या केकसाठी आणलेली अंडी कोणीतरी घाईघाईने उकडली. उपासना संपल्यावर पुंजारामने भरदुपारी चहा घेतला, दोन कप, आणि दोन्ही वेळा रडला. एका महिन्यात आमचा ईस्टर आणि नाताळाआधीचा आगमनकाळ दोन्ही आले. वरच्या कमिटीला हे कळवलं नाही, कारण ते कोणत्या रकान्यात लिहावं हे मला समजलं नाही. पण लोक परत यायला लागलेत. सगळे नाही. ड्रम आवडलेले तिकडेच राहतील. जोडणीचं काय होणार ते जानेवारीत कळेल. तोपर्यंत चर्च उघडं आहे आणि त्यात माणसं आहेत.

बाकी सर्व ठीक. रश्मीला आणि तिच्या घरच्यांना सलाम. गुडघ्याला तेल लाव. भोपळा हवा असल्यास कळव.

तुझी,
जयवंता

ता. क. पत्रात वहिनीचं नाव मी मुद्दाम कुठे काढलं नाही. तू पत्र तिथेच घडी करून ठेवलं असतंस.

ता. क. २. आता काढते. नाताळाच्या उपासनेला आमच्याकडे पेटी वाजवणारं कोणी नाही. जुन्या चाली येणारा माणूस मला माहीत असलेला एकच आहे, आणि वहिनी गेल्यापासून त्याने पेटीवरचं कापड काढलेलं नाही, असं रश्मी सांगते. पेटी घेऊन ये. नीट वाजली नाही तरी चालेल. एखाद्या गाण्यात मधेच थांबावं लागलं, तर आम्ही थांबू. आम्हाला आता सवय झाली आहे.

ता. क. ३. तू विचार करून कळवशील, हे मला माहीत आहे. पण तू येतोस असं मी पुंजारामला सांगून बसले आहे, आणि कोणत्या दिवशी हे त्याला नीट ऐकू गेलेलं नाही. तो कालपासून मोर्शीच्या बसस्टँडवर गाडी लावून उभा आहे.