उंटाचा निळा कोट

४ फेब्रुवारी

"आई, तू शाल घ्यायचीस. फिकट निळी. ठरलंय."

ठरलंय! कुणी ठरवलं? लेकीने. कुणाला विचारून? स्वतःलाच. माझ्या नातीच्या, छकुलीच्या साखरपुड्याचे फोटो काढायचेत म्हणे — बावीस तारखेला, तळ्याकाठच्या बागेत. घरातल्या प्रत्येकाने काय घालायचं याची यादीच तिने फोनवर पाठवली आहे. जावयाला राखाडी, स्वतःला मोतिया, छकुलीला गडद निळा, उंटाला हुबेहूब तोच गडद निळा. मला शाल. शालीखाली काय, ते लिहिलेलंच नाही. म्हातारीला गुंडाळली की झालं. सोफ्यावर टाकतात तशी.

उंट म्हणजे होणारा नातजावई. मान लांब, चाल संथ, बोलणं जवळजवळ नाहीच. नाव आहे त्याला, चांगलं आहे, पण मला उंटच सुचतं.

चौतीस वर्षं मी कापडगिरणीच्या रंगखात्यात शेड जुळवल्या. गिऱ्हाइकाने पाठवलेला नमुना एका हातात, रंगवलेल्या थानाचा कोपरा दुसऱ्या हातात — आणि निकाल. पास किंवा नापास. मी नापास म्हटलं की थान परत हौदात. मालकाचा मेव्हणा मध्ये पडला, तरी परत हौदात! आणि आता माझी लेक मला रंग सांगणार. तोही फोनच्या काचेत बघून.

५ फेब्रुवारी

यादी पुन्हा वाचली. माझ्या नावापुढे कंसात लिहिलंय — "हट्ट करेल." पुसायला विसरली.

८ फेब्रुवारी

छकुली येऊन गेली. सव्वीस वर्षांची घोडी, पण दारातूनच "आज्जी!" अशी हाक, की शेजारी दचकावेत. हातात तीन पिशव्या. तिचा ड्रेस, उंटाचा कोट आणि ती शाल.

"आई काहीही ठरवू दे. तू बघितल्याशिवाय मी काही पक्कं करणार नाही."

या घरात एवढं एकीला तरी कळतं.

शाल आधी उघडली. कपडे विसळल्यावर बादलीत उरतं ना पाणी — तो रंग. धड राखाडी नाही, धड शेवाळी नाही.

"फिकट निळी आहे गं आजी."

"ही निळी असेल तर मी मदर सुपीरियर!"

हसली. घडी घालून कपाटात ठेवली. म्हणाली, "तुझ्यासाठी मीच निवडलीय. आईने नाही." मग मी पुढे बोलले नाही. पण रंग तो रंगच.

मग ड्रेस आणि कोट घेऊन खिडकीशी गेलो. मी दोन्ही शेजारी टांगले, पाठ फिरवली, दहा आकडे मोजले, पुन्हा वळले. पहिल्या नजरेचा निकाल खरा, हे मी अर्ध्या गिरणीला शिकवलंय. ड्रेस ठीक. कोट तपकिरीकडे गेलेला, सरळ सरळ. "नापास," म्हटलं.

"पण आजी, दुकानदार म्हणाला कापड वेगळं, रंग मात्र अगदी तोच —"

"दुकानदाराने किती वर्षं शेड जुळवल्या?"

तिने कोट पिशवीत घातला. मग म्हणाली, "तू म्हणतेस ना, मग संपलं. परवा जाऊन बदलू. तूच चल."

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत शिवणकामाच्या सिस्टर रेशमाच्या चाळीस लडी टेबलावर ओतायच्या. फिकटापासून गडदापर्यंत ओळीने लावा. एक लडी चुकली की बोटांवर पट्टी. माझ्या बोटांना पट्टी कधी लागली नाही. इंग्रजी कविता पाठ नसल्याबद्दल लागली, पण लडींसाठी कधीच नाही.

१० फेब्रुवारी

कोट बदलून आणला. दुकानात तेवीस कोट काढायला लावले. विक्रेता घामाघूम. उंट आरशापुढे हात पसरून उभा, एक उतरवायचा, दुसरा चढवायचा. तक्रारीचा शब्द नाही. बोलला एकदाच — "आजी म्हणतील तो."

शेवटून दुसरा जुळला. छकुलीचा ड्रेस त्याच्या खांद्यावर टाकून बघितलं. एकजीव! खोल निळा, जराही इकडेतिकडे नाही.

विक्रेता म्हणाला, "बाई, एकदा बाहेर उजेडात नेऊन बघता का?"

मला उजेड शिकवतो! माझ्या टेबलावर प्रकाशपेटी होती — एका खणात दिवसाचा उजेड, एकात ट्यूब, एकात पिवळा दिवा. तिन्हींत जुळलं तरच पास. हे सगळं त्याला ऐकवलं. त्याने मान खाली घालून कोट बांधला. दाराशी छकुलीने पिशवीत डोकावून पाहिलं, मग उंटाकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. पोरांना काय, कोट तो कोट.

घरी येऊन दोन कप चहा प्यायले. फार दिवसांनी कामावरून आल्यासारखं वाटलं.

१३ फेब्रुवारी

त्या विक्रेत्याच्या मान खाली घालण्यावरून मुंगी आठवला. दोन दिवस डोक्यातून जात नाही.

माझ्या हाताखाली होता. आवाज न करता काम करायचा, म्हणून मुंगी. निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका शाळेच्या गणवेशाचं कापड आलं होतं, आकाशी निळं. शेड त्याने जुळवली. मी तीन लॉट नापास केले. तिसऱ्यांदा उलटून बोलला — "बाई, पेटीत बघा. तिन्ही दिव्यांत जुळतंय." सगळ्या खात्यासमोर! वर कागद घेऊन आला. दरवर्षी आमची नजरेची चाचणी व्हायची, रंगाच्या चकत्या क्रमाने लावायच्या. त्याची एकही चकती चुकली नव्हती. "बाई, यंदा तुम्हीपण द्या ना चाचणी."

चाचणी मी घ्यायचे. मी द्यायची?

स्वतःच्या अक्षरात अहवाल लिहिला. "रंगाची नजर भरवशाची नाही. या कामास अयोग्य." महिन्याभरात गेला. पुढे कुणीतरी सांगितलं, गोदामात खोकी उचलतो. गिरणीगिरणीत बोलणं असतं — एका रंगखात्याने काढलेल्याला दुसरं घेत नाही.

मला पश्चात्ताप नाही. काम ते काम. गिऱ्हाइकाचा नमुना आणि त्याच्या थानाचा तुकडा, दोन्ही मी जपून ठेवलेत. वही बदलली की टाचण्या काढून नव्या वहीच्या पाठीला लावते. वरचा नमुना, खालचा त्याचा. कुणी विचारलंच तर दाखवायला. सात वर्षांत कुणी विचारलं नाही.

१५ फेब्रुवारी

नव्या दिव्यांभोवती झालर दिसते. हल्ली सगळाच माल हलका.

१७ फेब्रुवारी

लेक आली होती. शालीवरून जुंपली. मी सांगितलं, बादलीतलं पाणी पांघरून मी फोटोत उभी राहणार नाही.

"आई, एक दिवस. फक्त एक दिवस तुझी गिरणी बंद ठेव!"

"मग मी येतच नाही."

"नको येऊस."

फार पटकन म्हणाली. ओठांवर तयारच असावं. मग दोघींनी चहा न पिताच कप विसळले.

संध्याकाळी छकुलीचा फोन. "तू नसशील तर मी फोटोच काढणार नाही. शाल नको तर नको. नुसती ये." तिच्यासाठी जाईन. आणि कोटासाठी. माझ्या हातून गेलेलं हे शेवटचं काम, ते फोटोत कसं उठतं ते मला बघायचंय.

२२ फेब्रुवारी

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. नंतर माझंच मन त्याला वेगळं वळण देईल.

सकाळी नऊला बागेत. तळ्यावरून बोचरा वारा. फोटोवाली बाई चाळिशीची, केस कापलेले, कमरेला पट्टा, पट्ट्याला चार खिसे. आवडली मला. उगीच हसत नव्हती. छकुली निळ्या ड्रेसमध्ये — काय सांगू! आणि शेजारी उंट, माझ्या कोटात.

तेवढ्यात उंटाची आई म्हणाली, "अरे, काळा कोट कुणी निवडला? मयताला निघाल्यासारखा!"

मी म्हटलं, "काळा नाही तो. निळा आहे."

जावयाला एकदम बुटाची नाडी दिसली. उंटाच्या आईने आधी माझ्याकडे, मग लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "आई, तो काळा आहे." हळू म्हणाली. ओरडली असती तर मी ओरडले असते.

"तुला काय कळतं! या बाईंना विचार. त्या रंगातल्या आहेत."

फोटोवाल्या बाईने खिशातून एक कार्ड काढलं. फोटोतले रंग खरे यावेत म्हणून आधी त्याचा फोटो घेतात, मला माहीत आहे, आमच्याकडेही असायचं. माझ्यापुढे धरून म्हणाली, "आजी, हे कसं दिसतंय?"

"करडं असायला हवं. पिवळं पडलंय. नवं घ्या."

"गेल्या आठवड्यात पाकीट फोडलंय."

"मग तुम्हाला फसवलं."

तिने कार्ड खिशात ठेवलं. वाद घातला नाही. इतक्या अलगद ठेवलं — तेच मला सोसेना.

उंटाने कोट काढला. "उकडतंय," म्हणाला. वाऱ्याने त्याचे दात वाजत होते! त्याची आई ओरडली, "अरे, सर्दी होईल!" तर म्हणतो, "नाही गं, खरंच उकडतंय." नीट घडी करून कोट माझ्या मांडीवर ठेवला. "आजी, सांभाळा, चुरगळेल." आणि नुसत्या पांढऱ्या सदऱ्यावर दोन तास फोटो काढून घेतले.

मी बाकावर बसून होते. कोट उन्हात धरला. सावलीत धरला. माझ्या रुमालाशेजारी धरला. मला निळा दिसतो. मला अजूनही निळाच दिसतो!

शेवटच्या फोटोला बोलावलं. मी नाही उठले.

२४ फेब्रुवारी

छकुली आली. मी सरळ विचारलं. ती नखं बघत बसली.

"दुकानातून बाहेर आलो तेव्हाच कळलं होतं."

"त्यालाही?"

"तोच म्हणाला, राहू दे. फोटोच तर आहेत."

"मग बोलली का नाहीस?"

"तू किती खूश होतीस, आजी. रस्ताभर बोलत होतीस."

दया! माझ्या नातीने आणि त्या उंटाने मिळून माझ्यावर दया केली. आणि आधीचा कोट, जो मी परत पाठवला — तो जुळत होता का? विचारलं. "जुळत होता," म्हणाली. चौतीस वर्षांत मी एकाही थानावर दया केली नाही. मला दया नको होती. कुणीतरी तोंडावर "नापास" म्हणायला हवं होतं.

तिला जायला सांगितलं. गेली नाही. भांडी घासून, ओटा पुसून, मग गेली.

२६ फेब्रुवारी

डोळ्यांची डॉक्टरीण. लेक सोबत, तोंड मिटून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला.

"असं नजरेपुढे पिवळी काच धरल्यासारखं होतं," डॉक्टरीण म्हणाली. "निळे रंग आधी जातात."

"किती वर्षं झाली असतील?"

"नक्की सांगता येणार नाही. पण हे एका वर्षाचं काम नाही. सात-आठ तरी. इतकं हळू होतं की माणसाला कळत नाही."

"रंग ओळखणाऱ्या माणसालाही?"

"त्यालाच उशिरा कळतं. तो स्वतःवर विसंबतो ना."

निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली.

इथेच थांबते.

१ मार्च

ऑपरेशन आठ तारखेला, आधी उजवा डोळा. लेक म्हणाली, "मी रजा टाकलीय." मी म्हटलं, "नको होतं." म्हणाली, "माहितीये." पहिल्यांदा दोघी हसलो. फार नाही.

फोटो आले म्हणे. मी बघितले नाहीत.

९ मार्च

सकाळी पट्टी काढली. कपाटातून शाल काढली. निळी आहे.

मग या वहीची पाठ उघडली. टाचण्या काढून दोन्ही तुकडे खिडकीत शेजारी ठेवले, पाठ फिरवली, दहा आकडे मोजले, वळले. आता त्यातला नमुना कुठला आणि मुंगीचा कुठला — मला सांगता येत नाहीये.